लांब शिकणाऱ्या मुलाची तब्येत: घरच्यांनी काय करावं, किती करावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा १९ वर्षांचा, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला, घरापासून लांब वसतिगृहात राहतो. चार महिन्यांत त्याचं वजन ६२ किलोवरून ५७ वर आलंय. रात्री दोन-अडीचला तो ऑनलाइन दिसतो. लहानपणापासून दमा आहे, पण इनहेलर घेतो की नाही ते कळत नाही. फोनवर ‘ठीक आहे’ यापलीकडे काही बोलत नाही. आई दिवसातून तीनदा फोन करते. बाबांचं म्हणणं, तो आता मोठा झालाय, त्याला सोडून दे. पुढच्या महिन्यात तो १० दिवसांच्या सुट्टीला घरी येतोय. आईनं विचारलंय, आम्ही नेमकं काय करायचं?

मी २२ वर्षं विद्यार्थ्यांच्या आरोग्य केंद्रात डॉक्टर आहे. तुम्ही वजन, झोप, दमा आणि न बोलणं अशा चार गोष्टी एका दमात लिहिल्यात. बरोबरच केलंत. माझ्यासमोरच्या खुर्चीतही त्या अशाच एकत्र येऊन बसतात. मी मात्र क्रम थोडा बदलते आणि न बोलण्यापासून सुरुवात करते. बाकीच्या तिन्हींवर उपाय आहेत आणि ते फार अवघडही नाहीत. ते वेळेत सुरू होतात की नाही, हे मात्र या चौथ्या गोष्टीवर ठरतं.

माझ्याकडे विद्यार्थी उशिरा येतात. ताप आठ दिवस अंगावर काढून येतात, दुखरी दाढ गाल सुजेपर्यंत सांभाळून येतात. उशीर का केलास असं विचारलं की वेगवेगळी कारणं सांगतात, पण थोडं बोलतं केलं की बऱ्याचदा एक वाक्य येतं: ‘घरी कळलं असतं.’

एक मुलगा माझ्या चांगला लक्षात आहे. त्यालाही दमा होता. रोजचा इनहेलर त्यानं पहिल्याच महिन्यात बंद केला होता. खोलीतल्या मुलांसमोर पंप तोंडाला लावायची लाज वाटायची आणि तसा त्रासही काही होत नव्हता. परीक्षेच्या आठवड्यात सर्दी झाली आणि छाती भरली. तीन रात्री तो भिंतीला उशी लावून बसल्या बसल्या झोपला. चौथ्या रात्री मित्रांनी त्याला उचलून आणलं, तेव्हा त्याला एक वाक्यही सलग बोलता येत नव्हतं. ऑक्सिजन, नेब्युलायझर, स्टेरॉइड सगळं द्यावं लागलं. पहाटे जरा स्थिरावल्यावर मी विचारलं, घरी का नाही कळवलंस? तो म्हणाला, ‘आई लगेच गाडीत बसली असती. आणि बाबांनी महिनाभर ऐकवलं असतं.’ दुपारी दोघंही आले. आईचे डोळे रडून सुजले होते, बाबांना बोलताही येत नव्हतं. त्यांच्या मायेत काहीच कमी नव्हतं. मुलाला त्या मायेचीच धास्ती वाटत होती.

म्हणून माझं पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं सांगणं हे आहे: घरी वाईट बातमी सांगता आली पाहिजे. नापास झालो, पैसे संपले, औषध बंद केलं, दारू प्यायलो, रडू येतंय, यातलं काहीही. मुलानं असं काही सांगितल्यावर पहिल्या अर्ध्या मिनिटात तुम्ही काय बोलता, ते तो कायमचं लक्षात ठेवतो. ‘तरी मी सांगत होते’ हे वाक्य तेव्हा गिळून टाका. ते खरं असलं तरीही. त्याऐवजी ‘बरं झालं सांगितलंस’ म्हणा. मग ‘आत्ता कसं वाटतंय?’ आणि त्यानंतर ‘आमच्याकडून काय हवंय तुला?’ एवढं बोलून थांबा. उपाय लगेच सुचले तरी ते दहा मिनिटं बाजूला ठेवता येतात. रागवायचंच असेल तर दोन दिवसांनी रागवा. तोवर बराचसा राग निवलेला असतो, असाही माझा अनुभव आहे.

आता तीनदा फोन करण्याबद्दल. तुमचा जीव थाऱ्यावर नाही म्हणून तुम्ही फोन करता, हे मला समजतं. पण त्याच्या बाजूनं पाहा. सकाळच्या फोनला तो अर्धवट झोपेत असतो, दुपारच्या फोनला वर्गात किंवा मित्रांत आणि रात्रीच्या फोनला खोलीत दुसरं कुणीतरी असतं. यातल्या कुठल्याच वेळी त्याला मनातलं बोलता येणार नाही. मग ‘ठीक आहे’ हे एकच उत्तर उरतं, कारण त्यानं फोन लवकर संपतो. त्यालाच वेळ ठरवू द्या. आठवड्यातून दोन फोन पुरे, पण निवांत, अर्ध्या-पाऊण तासाचे. मधल्या दिवशी एखादा फोटो किंवा दोन ओळी पाठवा, ज्यांना उत्तर देण्याची सक्ती नसेल. आणि फोनची सुरुवात ‘जेवलास का, अभ्यास झाला का’ अशी करू नका. या प्रश्नांत काळजी आहे, पण त्याच्या कानाला ती हजेरी वाटते. आधी स्वतःचं काहीतरी सांगा: आज तुम्हाला काय त्रास झाला, कशाचं हसू आलं, कामावर काय बिनसलं. आईवडीलही अडखळतात हे ऐकलं की मुलांना स्वतःचं अडखळणं सांगायला सोपं जातं. बोलताना मध्येच शांतता पसरली तर ती लगेच भरून काढू नका. महत्त्वाच्या गोष्टी बहुतेक वेळा त्या शांततेनंतर येतात, ‘बरं, ठेवू का?’ म्हणायच्या जरा आधी.

तुमच्या यजमानांचंही निम्मं बरोबर आहे. मुलगा मोठा झालाय आणि त्याची तब्येत आता त्यानंच सांभाळायची आहे. पण मोकळीक देणं आणि सोडून देणं यांत फरक आहे, आणि नेमका इथेच घरोघरी वाद होतो. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांनी माणसाच्या प्रेरणेवर अनेक दशकं काम केलं. त्यांची मांडणी अशी की माणसाला तीन गोष्टींची भूक असते: स्वतःचा निर्णय स्वतः घेण्याची, आपल्याला काहीतरी जमतं या भावनेची आणि आपल्या माणसांशी जोडलेलं असण्याची. मुलाला स्वातंत्र्य देताना नातं तोडलं तर तिसरी भूक उपाशी राहते. नातं घट्ट ठेवताना त्याचे सगळे निर्णय तुम्हीच घेतले तर पहिल्या दोन. म्हणून डॉक्टरची वेळ त्यालाच घेऊ द्या, पण कशी घ्यायची, काय विचारायचं, हे आधी एकदा त्याच्याबरोबर बसून ठरवा. वसतिगृहाच्या अधिकाऱ्यांना परस्पर फोन करणं मात्र टाळा. ते त्याला कधी ना कधी कळतंच, आणि मग ‘ठीक आहे’ सुद्धा ऐकू येत नाही.

आता दमा. याबद्दल मी जरा सविस्तर लिहिते, कारण तुम्ही लिहिलेल्या चार गोष्टींत जिवाला थेट धोका असलेली ही एकच गोष्ट आहे आणि घरच्यांना इथे खरोखर मदत करता येते.

दम्याचे इनहेलर साधारण दोन प्रकारचे असतात. एक श्वासनलिकेची सूज रोखणारा, त्यात कमी मात्रेत स्टेरॉइड असतं. दुसरा त्रास होईल तेव्हा लगेच मोकळं करणारा. पहिल्याचा परिणाम चटकन जाणवत नाही, म्हणून मुलं तो सोडतात. दुसऱ्यानं पाच मिनिटांत बरं वाटतं, म्हणून त्यावरच भागवतात. ही पद्धत घातक आहे. दम्यावरची जागतिक मार्गदर्शिका तयार करणाऱ्या ‘गीना’ या संस्थेनं २०१९ पासून स्पष्ट म्हटलंय की किशोरवयीन आणि प्रौढ रुग्णांवर फक्त तात्पुरता आराम देणाऱ्या इनहेलरनं उपचार करू नयेत, सूज कमी करणारं औषध बरोबर हवंच. आराम देणाऱ्या औषधाचे वर्षाला तीन किंवा जास्त डबे संपत असतील तर मोठ्या झटक्याची शक्यता वाढते, हेही त्याच मार्गदर्शिकेत आहे. आता काही ठिकाणी दोन्ही औषधं एकाच इनहेलरमध्ये देतात आणि रोज व लागेल तेव्हा तोच वापरायला सांगतात. दोन डबे सांभाळण्याचा कंटाळा असलेल्या मुलांना ते सोयीचं पडतं. त्याच्यासाठी ते योग्य आहे का, हे त्याला डॉक्टरांना विचारू द्या.

फोनवर ‘औषध घेतोस ना?’ असं विचारलंत तर ‘हो’ येईल. त्याऐवजी असं विचारा: ‘या आठवड्यात लगेच आराम देणारा पंप किती वेळा लागला?’, ‘खोकल्यानं रात्री जाग आली का?’, ‘जिना चढताना थांबावं लागतं का?’ आठवड्यात दोनपेक्षा जास्त वेळा तो पंप लागत असेल किंवा रात्री जाग येत असेल, तर दमा आटोक्यात नाही. ही मोजता येणारी उत्तरं आहेत, त्यांत अपराधीपणा कमी असतो. इनहेलर बंद केलाय असं कळलं तर कारण ऐकून घ्या. लाज वाटते म्हणाला तर दार बंद करून, सकाळी दात घासायच्या आधी घेता येईल, असा रस्ता सुचवा. स्टेरॉइडच्या इनहेलरनंतर तसंही चूळ भरायची असते, त्यामुळे दोन्ही एकत्र बसतं. आणखी एक गोष्ट: कितीतरी मुलं वर्षानुवर्षं इनहेलर चुकीच्या पद्धतीनं ओढतात. सुट्टीत डॉक्टरांसमोर एकदा त्यानं तो वापरून दाखवायला हवा.

आणि एक कागद. झटका आला तर काय करायचं, किती पफ घ्यायचे, कधी थेट रुग्णालयात जायचं, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि त्याची एक प्रत खोलीत भिंतीवर लावायला सांगा. खोलीतल्या मित्राला तो कागद माहीत असणं तुम्हाला माहीत असण्यापेक्षा जास्त गरजेचं आहे, कारण रात्री तीन वाजता तो मित्र तिथे असेल. वाक्य पूर्ण करता येत नाही, ओठ निळसर दिसतात, पंपानं आराम मिळत नाही किंवा मिळाला तरी तीन-चार तासांत पुन्हा लागतो, अशा वेळी वाट पाहायची नसते. आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन अशा वेदनाशामकांनी काही दमेकऱ्यांचा त्रास अचानक वाढतो. मित्राच्या ड्रॉवरमधली गोळी घेण्याआधी हे त्याला ठाऊक असायला हवं. पॅरासिटामॉल बहुतेकांना चालतं, पण प्रौढ माणसानं ते दिवसाला ४ ग्रॅमपेक्षा जास्त कधीच घेऊ नये, आणि सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत ते आधीच असतं. दोन्ही एकत्र घेऊन यकृताला इजा करून घेतलेले विद्यार्थी मी पाहिले आहेत.

वजनाबद्दल. ६२ चे ५७ म्हणजे ८ टक्के. ठरवून कमी न करता सहा ते बारा महिन्यांत ५ टक्क्यांहून जास्त वजन उतरलं तर तपासणी करावी, असा आमच्यात साधारण नियम आहे. इथे तर चारच महिने झालेत. म्हणजे ‘वसतिगृहातलं जेवण आवडत नसेल’ एवढ्यावर हा विषय सोडायचा नाही. बहुतेक वेळा कारण साधंच निघतं. उशिरा उठल्यामुळे नाश्ता बुडतो, दुपारी घाईत काहीतरी पोटात ढकललं जातं, रात्री भूक मरते. पण खूप तहान लागते का, सारखी लघवीला जावं लागतं का, हे विचारा. या वयात टाइप १ मधुमेह असा सुरू होऊ शकतो, आणि त्यात उशीर परवडत नाही. ही दोन लक्षणं असतील तर सुट्टीची वाट न पाहता त्याच दिवशी रक्तातली साखर तपासायला सांगा. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, रात्री घाम, असं असेल तर क्षयरोगाची तपासणी हवी. त्याचा खोकला दम्याचा आहे असं सगळेच गृहीत धरतील, म्हणून हे मुद्दाम लिहिते. थायरॉइडची तपासणीही यात येते. आणि वजन मुद्दाम कमी करतोय का, खाताना अपराधी वाटतं का, हेही बघायला हवं. खाण्याशी संबंधित मानसिक आजार मुलांनाही होतात, आणि मुलगा आहे म्हणून ते कुणाच्या डोक्यात येत नाहीत. तो घरी आल्यावर दारातच ‘किती वाळलास!’ म्हणू नका. पाहुण्यांनाही म्हणू देऊ नका. शरीरावर शेरा ऐकलेलं मूल पुढचे दहा दिवस ताटावरही मोकळं बसत नाही.

झोपेबाबत थोडा दिलासा देते. किशोरवयात शरीरातलं घड्याळ उशिराकडे सरकत जातं, ते विशीच्या आसपास सगळ्यात उशिरावर असतं आणि मग हळूहळू मागे येतं. म्हणजे साडेबाराला झोप न येणं हा त्याचा आळस नाही. अडचण अशी की सकाळचा वर्ग त्या घड्याळासाठी थांबत नाही. १८ ते २५ वयाला रोज ७ ते ९ तास झोप लागते, आणि अडीचला झोपून साडेसातला उठणाऱ्याला ती मिळत नाही. रात्री तो ऑनलाइन दिसला की लगेच ‘झोप आता’ असा मेसेज पाठवू नका. त्यानं तो झोपत नाही, फक्त ऑनलाइन दिसायचा थांबतो. एखाद्या निवांत फोनवर दोन गोष्टी मात्र सांगा. उठायची वेळ रोज साधारण एकच ठेवायची, सुट्टीच्या दिवशीही फार तर तास-दीड तास इकडेतिकडे. आणि कॉफी किंवा एनर्जी ड्रिंक दुपारनंतर नको. कॅफिन शरीरातून अर्धं कमी व्हायलाच साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सहाला घेतलेल्या मोठ्या कपातलं निम्मं कॅफिन रात्री अकराला रक्तात असतं. झोप का लागत नाही याचं उत्तर मात्र दमाही असू शकतो, आणि मनही.

मनाबद्दल लिहिताना मला नेहमी जपून लिहावंसं वाटतं, कारण आईवडील दोन टोकांना जातात. एकतर ‘आमच्या मुलाला असलं काही होणार नाही’, नाहीतर प्रत्येक उदास संध्याकाळ त्यांना आजार वाटते. नव्या जागी एकटं वाटणं, घरची आठवण येणं, पहिल्या परीक्षेनंतर आत्मविश्वास ढासळणं, हे सगळं आजाराशिवायही होतं आणि काही आठवड्यांत ओसरतं. पण हे वय नाजूक आहे, हेही खरं. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत, जिचे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले, असं दिसलं की ज्यांना आयुष्यात कधी मानसिक आजार होतो त्यांच्यातल्या निम्म्यांची सुरुवात वयाच्या १४ व्या वर्षापर्यंत आणि तीन चतुर्थांशांची २४ व्या वर्षापर्यंत झालेली असते. म्हणजे कॉलेजची वर्षं नेमकी त्यातच येतात.

आम्ही दोन आठवड्यांचा निकष धरतो. दिवसाचा बहुतेक वेळ, जवळजवळ रोज, सलग दोन आठवडे मन उदास असेल किंवा आवडत्या गोष्टींतही रस उरला नसेल, आणि त्याबरोबर झोप, भूक, एकाग्रता बिघडली असेल, तर डॉक्टर किंवा समुपदेशक गाठायचा. तुमच्या मुलाची झोप आणि वजन दोन्ही बिघडलंय, म्हणून मी हे अधोरेखित करते. त्याला नैराश्य आहे असं मी म्हणत नाही, ते इथून मला कळणारही नाही. पण विचारायला हवं. कसं? ‘गेल्या काही आठवड्यांत तू पूर्वीसारखा वाटत नाहीस. मला काळजी वाटते. मनावर काही ओझं आहे का?’ एवढं साधं.

त्याच्या बोलण्यात ‘माझ्यामुळे सगळ्यांना त्रास’, ‘कशालाच अर्थ नाही’ असं आलं तर थेट विचारा: ‘जीव संपवावा असं मनात येतं का?’ हा प्रश्न तोंडातून काढताना आईवडलांचे हात थरथरतात, हे मी पाहिलंय. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरेल ही भीती खरी नाही. विचारल्यानं धोका वाढत नाही, उलट बोलायला वाट मिळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२१ मध्ये १५ ते २९ वयोगटातल्या मृत्यूंचं तिसरं मोठं कारण आत्महत्या होतं. इतक्या मोठ्या कारणाबद्दल घरात शब्द नसणं धोक्याचं आहे. ‘हो’ असं उत्तर आलं तर भाषण नको, शपथा नकोत, ‘आमचा विचार कर’ नको. त्याला एकटं ठेवायचं नाही. लांब असाल तर फोन चालू ठेवून दुसऱ्या फोनवरून मित्राला किंवा वसतिगृहातल्या जबाबदार माणसाला त्याच्या खोलीत पाठवायचं, इजा करता येईल अशा वस्तू आणि औषधं दूर करायला सांगायची आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यायचं. अशा वेळी परस्पर फोन करायला मी तुम्हाला अडवणार नाही. मघाचा नियम इथे लागू होत नाही. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचनही देऊ नका.

औषध सुरू करावं लागलं तर एक लक्षात ठेवा: नैराश्यावरच्या गोळ्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. ‘पंधरा दिवस झाले, काही फरक नाही’ म्हणून घरच्यांनीच बंद करायला लावलेल्या गोळ्यांमुळे मुलं पुन्हा खाली गेलेली मी पाहिली आहेत. आणि बरं वाटू लागल्यावरही त्या एकदम सोडायच्या नसतात.

इथे मला एका मुलीची गोष्ट सांगाविशी वाटते. ती पोटदुखी घेऊन तीन वेळा आली, सगळे तपास ठीक. तिसऱ्या वेळी मी दार लावून घेतलं आणि नुसती बसले. बऱ्याच वेळानं तिनं सांगितलं की ती दोन विषयांत नापास झालीय आणि पाच महिने घरी पास झाल्याचं सांगतेय. तिनं माझ्यासमोर वडलांना फोन लावला. ते क्षणभर गप्प झाले, मग म्हणाले, ‘पाच महिने एकटीनं ओझं वाहिलंस होय? विषय नंतर बघू. तू आधी जेव.’ ती जोरात रडली. पुढच्या महिन्यात पोटदुखी घेऊन ती आली नाही, त्या दोन विषयांचा अभ्यास मात्र तिला पुन्हा करावाच लागला. त्या वडलांना मी भेटले नाही, पण त्यांची आठवण मला वारंवार येते.

दारूबद्दल घरात बोलणं टाळू नका, तो पीत नसला तरी. मित्र बेशुद्ध पडला तर ‘झोपू दे, उतरेल’ म्हणायचं नाही. पिणं थांबल्यावरही रक्तातलं प्रमाण काही वेळ वाढत राहतं. कुशीवर वळवायचं, एकटं सोडायचं नाही, हलवून उठत नसेल किंवा श्वास मंद, तुटक वाटला तर रुग्णवाहिका बोलवायची. आणि त्याला स्पष्ट सांगा, ‘अशा रात्री आम्हाला फोन कर, त्या रात्री एकही जाब विचारणार नाही.’ हे एकदा बोलून ठेवलेलं असलं की वेळेवर आठवतं.

पैशांचाही तब्येतीशी संबंध असतो. तपासणीचे पैसे घरी मागावे लागतील म्हणून डॉक्टर टाळणारी मुलं आहेत. औषधपाण्यासाठी वेगळी रक्कम ठेवा आणि तिचा हिशेब मागू नका. लसींचं कार्ड सुट्टीत एकदा डॉक्टरांना दाखवा. एकत्र राहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी मेंदूज्वराची एक लस आणि मुलगा-मुलगी दोघांसाठी एचपीव्हीची (काही कर्करोगांना कारण ठरणाऱ्या विषाणूवरची) लस विचारून घ्या. मुलगी असती तर जास्त रक्तस्राव आणि त्यातून होणारी लोहाची कमतरता यावरही लिहिलं असतं. इतर पालकांनी तेवढं लक्षात घ्यावं.

एक गोष्ट आम्हा डॉक्टरांच्या बाजूची. मूल सज्ञान झालं की त्याच्या परवानगीशिवाय आम्ही घरच्यांना काही सांगत नाही, जिवाला धोका असेल तेवढा अपवाद. आईवडील यावर चिडतात. पण गुप्तता आहे म्हणूनच मुलं आमच्यापाशी बोलतात. तुम्ही आम्हाला माहिती देऊ शकता, त्याला कसलीच आडकाठी नाही. आणि तो बरा असतानाच त्याच्याशी ठरवून ठेवा: रुग्णालयात दाखल व्हायची वेळ आली तर कुणाला कळवायचं, किती कळवायचं. त्यानं तसं लिहून दिलं तर आमचंही काम सोपं होतं.

आता सुट्टीचे १० दिवस. पहिले दोन त्याला झोपू द्या. कितीही वाजता उठला तरी बोलू नका, तो चार महिन्यांची थकबाकी फेडत असेल. तिसऱ्या-चौथ्या दिवशी, काहीतरी काम करत असताना, चालताना किंवा गाडीत शेजारी बसलेले असताना वजनाचा विषय काढा. समोरासमोर बसवून काढू नका. नजर चुकवायची सोय असली की मुलं जास्त बोलतात. तपासणीची वेळ त्यालाच फोन करून घेऊ द्या. पहिल्या पाच दिवसांतली घ्या, म्हणजे रक्ताचे अहवाल तो परत जायच्या आत हातात येतील. त्याआधी एका कागदावर त्याच्या दम्याचा इतिहास लिहून त्याला द्या: कधी सुरू झाला, कशानं वाढतो, कुठली औषधं चालली, कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे, घरात कुणाला मधुमेह किंवा थायरॉइड आहे. हे सगळं आजवर तुमच्या डोक्यात होतं, आता ते त्याच्या खिशात जायला हवं. दवाखान्यात बरोबर जा, पण डॉक्टरांच्या खोलीत त्याला एकट्यालाच जाऊ द्या. तो बाहेर आल्यावर काय झालं ते सांगेल, कदाचित सगळं नाही, कदाचित लगेच नाही. परतीच्या वाटेवर तुम्ही रेडिओ लावू नका.